शिरसटाकळीचं फाटक

“फाटक उघड, पारध्या. मी काय दरोडा घालायला आलोय व्हय?”

इनोसदादा फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभे होते. मागं त्यांची जीप, इंजिन चालूच, पाठीमागच्या बाजूला ताडपत्री ओढलेली. सकाळचे साडेदहा झाले असतील. नाताळ पंधरा दिवसांवर आला होता आणि मी मैदानावर सहावीच्या वर्गाकडून लेझीम बसवून घेत होतो.

“बाईंनी कुणालाच आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय, दादा.”

“कुणालाच म्हंजे मला? मंडळीचा पंच हाय मी. तुझी नेमणूक कुणी करून घेतली, इसरलास?”

विसरलो नव्हतो. शिरसटाकळीच्या मिशन शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली तेव्हा सात उमेदवारांतून माझं नाव इनोस गोर्ड्यांनीच कमिटीत लावून धरलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. रोज शंभर जोर काढायचो, आणि त्यांच्यासमोर माझी मान आपोआप खाली जायची.

“पोरीची आई बसलीय गाडीत,” ते आवाज उतरवून म्हणाले. “दोन दिस झाले, अन्नाला शिवली न्हाई. तिला नुसतं लेकीचं तोंड बघू दे. बाईंशी दोन शब्द बोलतो अन् जातो.”

किल्ली माझ्या खिशात होती. सकाळी शाळा भरल्यावर लुकसमामांनी कुलूप दाबलं, आमच्या मुख्याध्यापिका मकासरेबाईंनी ते स्वतः ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. “तुमच्याकडे असू द्या. लुकस म्हातारा आहे, त्याला दमदाटी करतील,” त्या म्हणाल्या होत्या.

मी कुलूप काढलं.

ताडपत्री वर झाली. आत आई नव्हती. तिघं जण खाली उतरले. एकाच्या हातात लोखंडी पहार होती, एकाच्या हातात हॉकी स्टिक. तिसऱ्यानं सीटखालून ऊसतोडीचा कोयता काढून इनोसदादांच्या हातात दिला. ते माझ्याकडे न बघताच माझ्या अंगावरून आत गेले.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. सुवार्ता मकासरे तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या आणि एकतीस वर्षं त्या शाळेत होत्या. तेविसाव्या वर्षी एक ट्रंक आणि एक पायपेटी घेऊन त्या एसटीतून उतरल्या, तेव्हा शाळेत बावीस मुलं होती. लग्न केलं नाही. आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायची, बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं. बाई पहाटे रस्त्यावर जाऊन गाड्या अडवायच्या. “हा माझ्याकडे राहील,” म्हणत पोरांना खाली उतरवून घ्यायच्या आणि सहा महिने शाळेच्या व्हरांड्यात झोपवून, जेवू घालून शिकवायच्या. रविवारी मिशनच्या देवळात उपासनेला पेटी त्याच वाजवायच्या. दुपारी संडे स्कूल. चर्चच्या मंडळीतली एखादी बाई वारली, तर तिला शेवटची आंघोळ घालायलाही मकासरेबाईच. त्यांनी बैलगाडीतून खाली उतरवलेल्या मुलांमध्ये एक इनोस गोर्डे होता. त्याला त्यांनी मुळाक्षरांपासून शिकवलं होतं.

करुणा ही त्याच्या मेलेल्या भावाची मुलगी. नववीत होती, चौदा वर्षांची. इनोसनं तिचं लग्न एका छत्तीस वर्षांच्या बिजवर मुकादमाशी ठरवलं होतं. तीन दिवसांपूर्वी ती दप्तर घेऊन बाईंच्या दारात आली आणि म्हणाली, “बाई, काका मला शनिवारी देऊन टाकणार हाय.” बाईंनी तिला घरात घेतलं, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि इनोसला निरोप धाडला, की मुलगी अठराची झाल्याशिवाय मी तिला सोडणार नाही. पोलिसांकडून कुणी आलं नाही. इनोस आला.

नववीचा वर्ग फाटकापासून सत्तर-ऐंशी पावलांवर होता. बाई इतिहास शिकवत होत्या. वर्गाच्या पायरीवर लुकसमामा बसलेले होते. लुकस भांबळ, शाळेचे शिपाई. साठीला आलेले, दम्यानं छाती वाजायची. चौघांना येताना बघून ते उठले आणि दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

“इनोस, वर्ग चालू हाय,” एवढंच ते म्हणाले.

पहार त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बसली. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. मामा गुडघ्यावर आले, तरी एक हात चौकटीला धरलेलाच होता. पहारवाल्यानं त्या हातावरही पहार घातली.

त्यांच्या मागं मी मैदानात वर्गासमोर आलो होतो, माझ्या हातात लेझीम होती. माझ्या मागं साठ मुलं होती. “पळा!” एवढं मी ओरडलो, मुलं कुंपणाकडं पळाली, आणि मी मात्र जागचा हललो नाही.

वर्गाच्या मोठ्या खिडक्यांतून सगळं दिसत होतं. मुली किंचाळत होत्या. त्या किंचाळ्यांच्या वर बाईंचा आवाज आला, रोजच्यासारखाच: “सगळ्यांनी बाकाखाली! माना खाली घाला!” मुलं बाकाखाली गेली. करुणा दुसऱ्या रांगेत होती. इनोसनं तिची वेणी धरली आणि तिला बाकाखालून खेचलं. ती बाकाच्या पायाला धरून बसली, तर हॉकी स्टिकवाल्यानं तिच्या मनगटावर फटका मारला. बाई मधे आल्या.

“इनोस, सोड तिला.”

“बाई, बाजूला व्हा. तुमच्यावर हात टाकायला लावू नका.”

“टाक. पण आधी तिला सोड.”

इनोसनं कोयता उगारला. तो फक्त भीती दाखवत होता, असं त्याच्या वकिलानं पुढं कोर्टात सांगितलं. पहिला घाव फळ्यावर बसला आणि फळ्याची ढलपी उडाली. दुसरा घाव करुणाच्या दिशेनं गेला की बाईंच्या, हे मला आजही सांगता येणार नाही. बाईंनी उजव्या हातानं कोयत्याचं पातंच पकडलं.

त्यांनी ते सोडलं नाही. इनोस कोयता हिसकत होता आणि बाई पात्याला धरून त्याच्याबरोबर ओढल्या जात होत्या. पांढऱ्या लुगड्यावर पुढून रक्ताची धार लागली होती. “करुणा, घंटा!” त्या ओरडल्या. “घंटा वाजव!”

इनोसचा एक हात कोयत्यात अडकलेला, वेणीवरच्या दुसऱ्याची पकड सैल झालेली. करुणानं वेणीला हिसडा दिला, केसांचा एक झुपका त्याच्या पायाशी पडला, आणि ती खिडकीतून बाहेर उडी टाकून माझ्या समोरून धावत गेली. लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. मनगट मोडलेलं होतं. डाव्या हातानं ती रुळावर हातोडी घालत सुटली. तशी घंटा शिरसटाकळीनं त्याआधी कधी ऐकली नव्हती.

आजूबाजूच्या रानातून माणसं आली. कांदे काढणारी, विहिरीवर काम करणारी, बायकासुद्धा, ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन. पहारवाला आणि दुसरा एक जण कुंपणावरून पळाले. हॉकी स्टिकवाल्याला बायकांनी खुरप्याच्या मुठींनी झोडपलं. इनोसला लोकांनी वर्गातून फरफटत मैदानावर आणलं आणि लाथाबुक्क्यांनी, दगडांनी, फावड्याच्या दांड्यांनी मारायला सुरुवात केली. पायरीवर लुकसमामा पडलेले लोकांनी पाहिले होते. कुणाला थांबायचं नव्हतं. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. एकानं मोठा धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

तेव्हा बाई बाहेर आल्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदर काळा पडलेला. त्या सरळ गर्दीत घुसल्या आणि इनोसच्या अंगावर आडव्या पडल्या.

“मारू नका त्याला! मेला तर सुटेल तो! मला कोर्टात उभा पाहिजे!”

धोंडा उचललेला माणूस थबकला. मग त्यानं तो बाजूला टाकला आणि खाली बसून ढसाढसा रडू लागला.

मी तेव्हाच हललो. बाईंना उचलून जीपमध्ये ठेवलं, लुकसमामांना ठेवलं, आणि इनोसची ती जीप चालवत तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. वाटेत बाई एकदाच बोलल्या. “मुलांना मोजलंत का?” मी हो म्हणालो. मोजलं नव्हतं.

बाईंची तीन बोटं गेली. लुकसमामा चौथ्या दिवशी गेले.

दवाखान्यात आमचे पाळकसाहेब आणि मंडळीचे उरलेले पंच बाईंना भेटायला आले. मी कोपऱ्यात उभा होतो. प्रार्थना झाली. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

“बाई, इनोस रडतोय. सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून माफी मागायला तयार आहे. लुकसला मारलं ते त्या पहारवाल्यानं. आपण तक्रार जरा सौम्य केली, तर आपसात मिटेल. बाहेरचे लोक हसतायत आपल्याला.”

“हसू देत,” बाई म्हणाल्या.

“क्षमा करणं हा आपला धर्म आहे, बाई. तुम्हीच मुलांना शिकवत आलात.”

“हाताची क्षमा मी केली. या पलंगावर पडल्या पडल्या केली. तक्रार मागं घेणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साहेब. तुम्ही उपदेशात नेहमी एक करता.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “आणि लुकसचं काय ते सलोमीला विचारा. तो मला विचारायचा प्रश्नच नाही.”

सलोमी म्हणजे लुकसमामांची बायको. ती दाराशीच बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

खटला दीड वर्षांनी उभा राहिला. तोवर बाईंनी डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं होतं, फळ्यावर अक्षर वेडंवाकडं यायचं. मंडळीतली निम्मी घरं त्यांच्याशी बोलत नव्हती. एका रविवारी त्या देवळात गेल्या तर पेटीसमोर दुसरंच कुणी बसवलेलं होतं. त्या मागच्या बाकावर बसल्या आणि सगळ्यांबरोबर गायल्या. पुढच्या रविवारीही गेल्या. एक रविवार चुकवला नाही.

साक्षीसाठी मला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, “आरोपी शाळेच्या आवारात कसे शिरले?”

मी कितीतरी दिवस याच प्रश्नाच्या भीतीत होतो. समोर इनोस उभा होता, तोही काही सांगणार नव्हता. माझ्याशी खोटं बोलून आत शिरलो, हे सांगणं त्याला परवडणारं नव्हतं.

“कुलूप नुसतं अडकवलेलं असावं,” मी म्हणालो. “दाबलेलं नसावं. त्यांनी बाहेरूनच हात घालून काढलं.”

“कुलूप लावायचं काम कुणाचं?”

“शिपायाचं.”

हे शब्द माझ्या तोंडून गेले. मेलेल्या माणसावर मी ते ढकलून दिलं.

माझ्यानंतर बाईंची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, “कुलूप लुकसनं माझ्यासमोर दाबलं. मी ओढून पाहिलं होतं.”

“मग उघडलं कुणी?”

“ते मी पाहिलं नाही.”

कोर्टाला फाटकाशी फारसं देणंघेणं नव्हतं. कोयता होता, पहार होती, प्रेत होतं. पहारवाल्याला जन्मठेप झाली. इनोसला दहा वर्षं. पण गावाला फाटकाशी देणंघेणं होतं. शिपायानं कुलूप नीट लावलं नाही, आपल्याच हातानं मरण ओढवून घेतलं, असं लोक पारावर म्हणायचे, आणि मी ते ऐकून पुढं जायचो.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना बाई माझ्या शेजारून चालत होत्या. “पारधे,” त्या समोर बघत म्हणाल्या, “किल्ली मी तुम्हाला दिली होती. मी तुम्हाला काही विचारणार नाही. विचारलं तर तुम्ही पुन्हा खोटं बोलाल आणि मग मला तुम्हाला काढावं लागेल. तुम्ही इथंच राहायचं. रोज सलोमीच्या दारावरून शाळेत यायचं.”

मी राहिलो. दुसरीकडे दोनदा नोकरी मिळत होती, गेलो नाही. सलोमीमावशी रोज सकाळी अंगणात सडा टाकत असायच्या. मी “सलाम, मावशी” म्हणायचो. त्या मान वर करून माझ्याकडे नीट बघायच्या आणि “सलाम, सर” म्हणायच्या. सहा वर्षं.

करुणा दहावी झाली, बारावी झाली आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागली. बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या, म्हणजे पगार बंद झाला, एवढंच. पहाटे बैलगाड्या अडवायला त्या तशाच जात राहिल्या.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. “इनोस आज सुटतोय. शिक्षेत सूट मिळाली. त्याच्या घरून कुणी जाणार नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर.”

तुरुंगाच्या दारात तो पिशवी घेऊन उभा होता. केस पांढरे, समोरचे दात नाहीत. बाईंना बघून तो रस्त्यातच खाली वाकला. बाईंनी त्याला पाय धरू दिले नाहीत.

“ऊठ. माझ्या हाताचा हिशेब केव्हाच संपलाय. करुणानं तुला माफ केलेलं नाही, तिनं तसं सांगायला सांगितलंय. आता तू सलोमीकडे चल.”

“बाई, तिच्यासमोर नको. मला मारून टाकील ती.”

“टाकील कदाचित,” बाई म्हणाल्या. “चल.”

आम्ही तिघं दुपारी सलोमीमावशींच्या अंगणात उतरलो. त्या जात्यापाशी बसल्या होत्या. इनोसला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग त्या उठल्या, चुलीशेजारचं जळणाचं लाकूड उचललं आणि एक शब्दही न बोलता त्याच्या खांद्यावर घातलं. तो खाली बसला. दुसरा फटका पाठीवर. तिसरा, चौथा. लाकूड मोडलं तेव्हा त्यांनी पायातलं पायताण काढलं आणि त्याच्या तोंडावर मारत राहिल्या, दोन्ही गालांवर, कपाळावर, तो हात वर करत नव्हता. त्याच्या ओठातून रक्त आलं. मी पुढं झालो, तर बाईंनी डावा हात आडवा करून मला थांबवलं.

दमल्यावर मावशी उंबऱ्यावर टेकल्या. श्वास लागला होता. “माझ्या माणसाला चार दिस लागले मरायला,” त्या इनोसला म्हणाल्या. “तुला आता रोज येऊन माझं पाणी भरायचंय. मी मरस्तवर.”

“भरीन,” तो म्हणाला.

बाईंनी आडवा धरलेला हात खाली घेतला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तुळशीसारख्या वाढलेल्या सब्ज्याच्या झाडाकडं बघत होत्या. मला कळलं, की मला बरोबर कशासाठी आणलंय.

“मावशी,” मी म्हणालो. “फाटक मी उघडलं होतं. किल्ली माझ्याकडे होती. इनोसदादांनी सांगितलं, करुणाची आई गाडीत आहे, आणि मी उघडलं. कोर्टात मी खोटं बोललो.”

मावशींनी पायताण पायात घातलं.

“मला म्हाईत हाय.”

मावशी सांगू लागल्या.

“दवाखान्यात त्याला एकदाच शुद्ध आली. म्हणाला, सरांनी उघडलं. वर म्हणाला, कुणाला सांगू नको, पोरगं भोळं हाय, सोताहून सांगल.” त्यांनी अंगणाकडं बोट दाखवलं. “मी रोज सकाळी अंगणात थांबायची. आज सांगल, उद्या सांगल. लोकं त्याला इसरभोळा म्हणत व्हते, मी ऐकत व्हते. साडेसात वरसं, सर.”

मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसलो. “मलाही मारा, मावशी.”

“तुला न्हाई मारायची. मारून तुझं भागंल, माझं न्हाई.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “रविवारी देवळात उभा ऱ्हा. माझ्या माणसानं कुलूप दाबलं व्हतं, एवढं सगळ्यांना सांग.”

रविवारी देऊळ भरलेलं होतं. इनोस सुटून आल्याची बातमी पसरली होती, म्हणून एरवी न येणारेही आले होते. तो भिंतीशी एकटाच उभा होता, त्याच्या आजूबाजूला तीन हात जागा मोकळी. उपदेश संपल्यावर मी उठलो. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. सलोमीमावशी बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर होत्या. मकासरेबाई अगदी मागं, इतक्या वर्षांची त्यांची जागा तीच झाली होती.

दोन्ही हात मी समोरच्या बाकाच्या पाठीवर दाबून धरले.

“शाळेच्या फाटकाचं कुलूप,” मी म्हणालो, “त्या दिवशी लुकसमामांनी दाबलं होतं. ते मी काढलं.”

मला वाटलं, संपलं, आता बसावं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वर्गातला तो आवाज आला.

“मोठ्यानं, पारधे. मागं ऐकू येत नाही.”